खटल्याचा भाव

२००२ साली चिप बनवणाऱ्या एएमडीने संगणक बनवणाऱ्या एचपीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. ऑफिसात वापरायच्या संगणकांत ते एचपीने बसवावेत आणि त्या बाजारात आपला पाय रोवला जावा, एवढीच एएमडीची अपेक्षा होती. फुकटच्या मालाला कोण नाही म्हणेल? एचपी म्हणाली. तिने एक लाख साठ हजार चिप घेतल्या आणि उरलेल्या आठ लाख चाळीस हजारांवर पाणी सोडलं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘स्पर्धा’ हा विषय दिला, तेव्हा शिकवणी वर्गांपासून क्रिकेटपर्यंत बरंच काही समोर होतं. पण बाजारातली स्पर्धा जवळून बघायची तर एएमडी विरुद्ध इंटेल या खटल्याइतका भरगच्च दप्तर असलेला दुसरा खटला सहज सापडत नाही. त्यात कोर्टाचे कागद आहेत, युरोपच्या स्पर्धा आयोगाचा निर्णय आहे, अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचं, म्हणजे ‘सेक’चं, आरोपपत्र आहे आणि चक्क तुरुंगवाससुद्धा आहे. कायद्याच्या अंगाने या खटल्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. या दोन कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्यांना त्यात काय दिसत होतं आणि काय नजरेआड राहिलं, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं.

अठ्ठेचाळीस पानं

२७ जून २००५ रोजी एएमडीने अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या विल्मिंग्टन शहरातल्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. पानं अठ्ठेचाळीस. इंटेलने धाकदपटशाने आणि पैशाने दाबलेल्या अडतीस कंपन्यांची नावं त्यात होती. जगातल्या वैयक्तिक संगणकांमध्ये बसणाऱ्या एक्स८६ जातीच्या प्रोसेसरांपैकी नगांच्या हिशेबाने ऐंशी टक्के आणि पैशाच्या हिशेबाने नव्वद टक्के बाजार इंटेलकडे आहे, ही दाव्याची सुरुवात.

कायदेशीर मसुदे एरवी वाचवत नाहीत. हा वाचवतो. कॉम्पॅकचे प्रमुख मायकल कॅपेलास २००० साली एएमडीला म्हणाले की आपल्या डोक्याला पिस्तूल लावलेलं आहे, सबब तुमच्याकडून खरेदी थांबवावी लागेल. इंटेलने सर्व्हरच्या चिपचा पुरवठा अडवून धरला होता. गेटवे कंपनीचे अधिकारी म्हणाले, इंटेलने आम्हाला ठेचून आमचा ‘ग्वाकामोले’ केला. ॲव्होकॅडो ठेचून करतात ती ही मेक्सिकन चटणी. तोशिबातल्या मंडळींनी इंटेलच्या पैशाला कोकेनची उपमा दिली. हे सगळे अर्थातच फिर्यादीचे आरोप होते आणि इंटेलने ते फेटाळले. आम्ही देतो ती सूट, सुटीने संगणक स्वस्त होतो आणि स्वस्ताईचा फायदा गिऱ्हाइकाला मिळतो, अशी इंटेलची भूमिका होती आणि ती शेवटपर्यंत बदलली नाही.

दोघांचं वैर जुनं. १९८२ मध्ये आयबीएमला एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं, म्हणून इंटेलने आपल्या चिप बनवायला एएमडीला जोडीदार केलं. पुढे ३८६ चिपच्या वेळी हात आखडता घेतला, त्यावरून लवाद आणि खटले झाले आणि १९९५ मध्ये तडजोड झाली. २००५ ची वेळ मात्र वेगळी होती. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या ऑप्टेरॉनमुळे एएमडीची चिप इंटेलपेक्षा सरस आहे, असं जाणकार उघड बोलत होते. शिवाय मार्च २००५ मध्ये जपानच्या स्पर्धा आयोगाने इंटेलच्या तिथल्या शाखेवर ठपका ठेवला होता आणि इंटेलने आरोप मान्य न करता तो निर्णय स्वीकारला होता. एएमडीचे प्रमुख हेक्टर रुईझ यांनी लोखंड तापलेलं बघून घाव घातला.

न्यायालयाची निवडही विचारपूर्वक होती. दोन्ही कंपन्यांची नोंदणी डेलावेअरमधली. डेलावेअर ज्या अपील न्यायालयाच्या कक्षेत येतं, त्याने २००३ मध्ये चिकटपट्टी बनवणाऱ्या लेपेज कंपनीच्या बाजूने थ्रीएमविरुद्ध निकाल देताना, बलाढ्य कंपनीने निरनिराळ्या मालावर मिळून दिलेली एकत्रित सूट बेकायदा ठरू शकते, असं म्हटलं होतं. किंमत उत्पादनखर्चाखाली गेली नसली तरीही. एएमडीच्या वकिलांना नेमकं हेच हवं होतं.

फुकटही महाग कसं पडतं

एचपीचं कोडं सोडवायला संगणकशास्त्र लागत नाही. सोलापूर-सांगलीकडच्या बिस्किटांच्या स्टॉकिस्टला ते चटकन कळेल. वर्षाचं टार्गेट गाठलं की मार्चअखेर कंपनीची क्रेडिट नोट येते आणि ती टार्गेटच्या वरच्या पेट्यांपुरती नसते, पहिल्या पेटीपासूनच्या सगळ्या मालावर असते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो गोदामात जागा नसतानाही माल उचलतो आणि दुसऱ्या कंपनीच्या सेल्समनला चहा पाजून वाटेला लावतो.

आता आकडे घालून बघू. हे आकडे समजण्यापुरते. एका संगणक कंपनीला शंभर चिप हव्यात, भाव शंभर डॉलर. सगळ्या शंभर आमच्याकडून घेतल्या तर दहा टक्के सूट, असं इंटेल सांगते. एकूण खर्च नऊ हजार डॉलर. या कंपनीला वीस चिप एएमडीच्या घ्याव्याशा वाटल्या, तर उरलेल्या ऐंशीवरची सूट जाते आणि त्यांचेच आठ हजार होतात. नऊ हजारांच्या आत बसायचं तर वीस चिपसाठी हातात उरतात एक हजार, म्हणजे नगाला पन्नास डॉलर. इंटेलची चिप नव्वदला पडत असताना एएमडीने तीच वस्तू पन्नासला विकायची. ऐंशीऐवजी पंचाण्णव चिप इंटेलकडूनच घ्याव्या लागत असतील, तर उरलेल्या पाच चिपसाठी पैसाच उरत नाही. उलट पाच फुकट घेऊनही पाचशे डॉलर पदरचे जातात.

एचपीचं नेमकं असंच झालं. मे २००९ मध्ये युरोपीय आयोगाने इंटेलला दंड ठोठावताना दहा लाख फुकट चिपचा हा प्रसंग आपल्या निवेदनातही मांडला. फुकट घेतल्या असत्या तर इंटेलकडून येणाऱ्या लाखो चिपवरची सूट हातची गेली असती.

बाजारातले दोन सूर

इंटेलच्या भागधारकाला दाव्याची फारशी धास्ती वाटायचं कारण नव्हतं. २००५ मध्ये इंटेलची विक्री ३,८८० कोटी डॉलर आणि निव्वळ नफा साडेआठशे कोटींच्या वर. वकिलांवर होणारा खर्च या समुद्रात दिसणारही नव्हता. मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकी सरकार स्वतः उतरलं आणि मोठा गाजावाजा झाला, तरी कंपनीचे तुकडे झाले नाहीत, हे ताजं उदाहरण सगळ्यांसमोर होतं.

एएमडीचे भागधारक मात्र दोन तटांत होते. मक्तेदारीविरोधी कायद्यात नुकसानभरपाई तिप्पट मिळते, त्यामुळे काहींना हा दावा म्हणजे शेअरबरोबर फुकट मिळालेलं लॉटरीचं तिकीट वाटत होतं. दुसऱ्यांचा हिशेब रोकडा होता. खटला पाच-सात वर्षं चालणार, ज्या संगणक कंपन्यांना चिप विकायच्या त्यांनाच साक्षीदार म्हणून ओढणार, आणि तोवर कारखान्यांना लागणारा पैसा कुठून आणणार?

कारखान्यांचा हा मुद्दा इंटेलचे वकीलही पुढे करत. एएमडीच्या मुख्य चिप जर्मनीत ड्रेस्डेनला बनत. तिथला नवा कारखाना २००५ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. म्हणजे सूट आड आली नसती तरी सगळ्या जगाला पुरवायला एएमडीकडे माल होता का? प्रश्न रास्त होता आणि २००६ च्या अखेरीस त्याचं उत्तर थोडंफार मिळालंही. मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी पुऱ्या करता करता छोट्या वितरकांना चिप मिळेनात आणि ज्यांनी पडत्या काळात एएमडीच्या चिप विकल्या, त्याच मंडळींचा रोष तिने ओढवून घेतला.

लॉटरीच्या तिकिटाची किंमत मधल्या काळात वरखाली होत राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये न्यायाधीश जोसेफ फार्नन यांनी अमेरिकेबाहेरच्या विक्रीसंबंधीचे एएमडीचे दावे अमेरिकी कायद्याच्या कक्षेत बसत नाहीत म्हणून काढून टाकले. संगणकांचा धंदा जगभर पसरलेला, त्यामुळे संभाव्य भरपाईचा मोठा लचका तुटला. मार्च २००७ मध्ये पारडं दुसरीकडे झुकलं. जपून ठेवायला हवे होते असे काही कर्मचाऱ्यांचे ईमेल गहाळ झाल्याची कबुली इंटेलला कोर्टात द्यावी लागली. खटल्याची तारीख एप्रिल २००९ ची होती, ती पुढे २०१० वर गेली.

तोवर शेअरने आपला निकाल देऊन टाकला होता. २००६ च्या सुरुवातीला एएमडी चाळीस डॉलरच्या वर होती. जुलै २००६ मध्ये तिने एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी ५४० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, डोक्यावर कर्ज घेतलं, आणि त्याच आठवड्यात इंटेलने कोअर २ ड्युओ बाजारात आणून चिपची शर्यत पुन्हा जिंकली. २००७ आणि २००८ या दोन्ही वर्षांत एएमडीचा तोटा तीनशे कोटी डॉलरच्या वर होता. नोव्हेंबर २००८ मध्ये शेअर दोन डॉलरच्या खाली गेला. खटला जिंकेपर्यंत कंपनी टिकेल का, एवढाच प्रश्न उरला होता.

अठरा मे

या प्रकरणात सर्वांत मोठी फसगत झाली ती एएमडी किंवा इंटेलच्या भागधारकांची नव्हे. ती डेलच्या भागधारकांची.

डेल ही संगणक कंपनी त्या काळात वॉल स्ट्रीटची लाडकी. गोदामात माल साठवायचा नाही, ऑर्डर आली की संगणक जुळवायचा, मधला दलाल काढून टाकायचा, या पद्धतीचे धडे व्यवस्थापनाच्या शाळांत शिकवले जात. दर तिमाहीला डेल विश्लेषकांचे अंदाज गाठायची. प्रोसेसर फक्त इंटेलचे घ्यायची.

१८ मे २००६ रोजी डेलने तिमाहीचे निकाल जाहीर केले आणि सोबत सांगितलं की वर्षअखेरीस आपल्या काही सर्व्हरमध्ये एएमडीचे ऑप्टेरॉन बसतील. एएमडीवाल्यांच्या दृष्टीने गड सर झाला. बातम्यांचे मथळेही त्याचेच. पण त्या दिवशीच्या निकालात एक आकडा होता जो भागधारकांना दिसत नव्हता. त्या तिमाहीत डेलचा व्यवसायातून झालेला नफा ९४.९ कोटी डॉलर होता, आणि त्यातले सुमारे ७२ कोटी, म्हणजे ७६ टक्के, इंटेलने डेलला एकनिष्ठ राहण्यासाठी दिलेले होते.

हे बाहेर आलं चार वर्षांनी. जुलै २०१० मध्ये ‘सेक’ने डेलवर आरोपपत्र ठेवलं. त्यातली चढण बघण्यासारखी आहे. २००३ च्या आर्थिक वर्षात इंटेलची ही रक्कम डेलच्या व्यवसायातल्या नफ्याच्या १० टक्के होती, २००६ च्या वर्षात ३८ टक्के झाली आणि त्यापुढच्या पहिल्याच तिमाहीत ७६. डेलने एएमडीला दार उघडताच इंटेलने नळ आवळला. पुढच्या तिमाहीत डेलचा नफा जितका घसरला, त्याच्या ७५ टक्क्यांइतकी ही आटलेली रक्कम होती. गुंतवणूकदारांना मात्र सांगण्यात आलं की मागणी मंदावत असताना भाव जास्त कमी केले आणि सुट्या भागांच्या किमती अपेक्षेइतक्या उतरल्या नाहीत. आरोप मान्य किंवा अमान्य न करता डेलने दहा कोटी डॉलर भरले. मायकल डेल यांनी स्वतंत्रपणे चाळीस लाख.

म्हणजे गोदाम न ठेवण्याच्या हुशारीचं म्हणून जे कौतुक झालं, त्यातला मोठा भाग पुरवठादाराच्या चेकचा होता. स्पर्धा कायद्याच्या खटल्यात ग्राहकाचं नुकसान शोधतात. इथे शेअर घेणाऱ्याचंही झालं होतं, आणि एएमडीची अठ्ठेचाळीस पानं २००५ पासून सगळ्यांना वाचायला खुली होती. डेलला एकनिष्ठेबद्दल इंटेलकडून पैसे मिळतात, हा आरोप त्यात स्पष्ट होता. विश्लेषकांपैकी काही जणांनी तरी ‘मग ते पैसे नसतील तर डेलचा नफा किती?’ असा पुढचा प्रश्न रेटून धरला असता, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

पवईचा विद्यार्थी

काही गुंतवणूकदारांना मात्र सगळं वेळेआधी कळत होतं. मुंबईच्या पवई आयआयटीतून शिकलेले अनिल कुमार हे मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत ज्येष्ठ भागीदार आणि एएमडीचे सल्लागार. एएमडी एटीआय घेणार, ही बातमी त्यांनी व्हार्टन या व्यवस्थापन शाळेतले सहाध्यायी आणि गॅलियन फंडाचे मालक राज राजरत्नम यांना दिली. राजरत्नम यांनी त्यावर सुमारे २.३ कोटी डॉलर कमावले आणि कुमार यांना दहा लाख डॉलर बक्षीस दिले. गंमत अशी की याच टोळक्यातले राजीव गोयल इंटेलमध्ये होते आणि तिथली बातमी पुरवत होते. वादी आणि प्रतिवादी कोर्टात एकमेकांचे कागद मागत असताना दोघांच्याही आतलं गुपित एकाच फंडाच्या टेबलावर येत होतं.

ऑक्टोबर २००९ मध्ये राजरत्नम यांना अटक झाली. कुमार आणि गोयल यांनी गुन्हा कबूल करून साक्ष दिली. राजरत्नम यांना २०११ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली.

मथळ्यातली रक्कम, आतलं कलम

अटकेला महिना व्हायच्या आत, १२ नोव्हेंबर २००९ रोजी, एएमडी आणि इंटेल यांनी तडजोड जाहीर केली. इंटेल १२५ कोटी डॉलर देणार, एकनिष्ठेच्या बदल्यात पैसे देण्यासारखे काही व्यवहार बंद करणार आणि एएमडी जगभरातल्या आपल्या तक्रारी मागे घेणार. त्या दिवशी एएमडीचा शेअर वीस टक्क्यांहून जास्त उसळला. इंटेलचा जेमतेम हलला. इंटेलच्या त्या वर्षीच्या विक्रीच्या हिशेबात ही रक्कम साडेतीन टक्क्यांच्या आसपास होती. एएमडी मात्र या पैशाच्या बळावर वर्षअखेरीस नफ्यात दिसली.

मथळे सगळे १२५ कोटींचे होते. प्रत्यक्षात मोलाची गोष्ट दुसरी होती आणि ती कळायला आठ महिने मागे जावं लागतं. कर्जाने वाकलेल्या एएमडीने आपले कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या सरकारी पैशाच्या भागीदारीत ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी मार्च २००९ मध्ये उभी केली. त्याच महिन्यात इंटेलने नोटीस पाठवली की कारखाने दुसऱ्याच्या हाती देऊन तुम्ही २००१ चा परस्पर पेटंट परवाना मोडलात; साठ दिवसांत सुधारणा करा, नाहीतर परवाना रद्द. एक्स८६ चिप बनवण्याचा एएमडीचा हक्क या परवान्यावर उभा होता. तो गेला तर कंपनीच्या शेअरला रद्दीचा भाव.

तडजोडीत हा वाद मिटला. नवा परवाना मिळाला आणि एएमडीला स्वतःचा कारखाना नसतानाही चिप बाहेरून बनवून घ्यायची मुभा आली. मार्च २०१२ मध्ये तिने ग्लोबलफाउंड्रीजमधला उरलेला हिस्साही सोडला. पुढे लिसा सू प्रमुख असताना एएमडीने तैवानच्या टीएसएमसीकडे मोर्चा वळवला आणि इंटेलला मागे टाकणाऱ्या चिप काढल्या. त्या वाटेची सुरुवात २००९ च्या त्या करारात होती. १२५ कोटी डॉलर संपून गेले. परवाना पुरला. त्यामुळे या खटल्यात एएमडीने पैसा थोडका आणि हक्क मोठा कमावला, असंच म्हणावं लागतं. इंटेलच्या भागधारकांना तडजोड स्वस्तात पडली असं तेव्हा वाटलं; आज मागे वळून बघताना ती त्यांनाच सर्वांत महागात पडली.

सरकारी कारवायांचा शेवट मात्र विस्कटलेला आहे. युरोपीय आयोगाने १०६ कोटी युरोंचा दंड केला, तेव्हा तो विक्रम होता. २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने तो उचलून धरला, २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने फेरविचाराला परत पाठवला, २०२२ मध्ये तो रद्द झाला. सूट दिली एवढ्याने भागत नाही, तितक्याच कार्यक्षम प्रतिस्पर्ध्याला ती बाजाराबाहेर लोटते हे आयोगाने हिशेबाने सिद्ध करायला हवं होतं, असं न्यायालयाचं म्हणणं. एचपी, एसर आणि लेनोवो यांना एएमडीचे संगणक लांबवण्यासाठी वा रोखण्यासाठी थेट पैसे दिल्याचा भाग तेवढा टिकला आणि २०२३ मध्ये त्यासाठी नव्याने सुमारे ३७.६ कोटी युरोंचा दंड लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटीच्या मुद्द्यावरचं आयोगाचं अपील कायमचं फेटाळलं गेलं.

२०२२ मध्ये एएमडीचं बाजारमूल्य पहिल्यांदा इंटेलच्या पुढे गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंटेल डाऊ जोन्स निर्देशांकातून बाहेर पडली, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तिचा जवळपास दहा टक्के हिस्सा घेतला. इंटेलला कोणी विकत घेणार का, अशा वावड्या उठतात तेव्हा जाणकार पहिल्यांदा २००९ चा परवाना काढतात, कारण दोघांपैकी कोणत्याही कंपनीची मालकी बदलली तर तो आपोआप संपेल असं कलम त्यात आहे. तो करार काही मजकूर झाकून ‘सेक’च्या संकेतस्थळावर ठेवलेला आहे. हल्ली पुण्या-ठाण्यात बसून मोबाइलवर या दोन्ही कंपन्यांचे शेअर घेता येतात. घेणाऱ्यांनी तिमाही निकालांच्या आधी ते कलम वाचावं.